हाकेवस्तीची हजेरी

वर्षाराणीच्या प्रबंधाला एकच वस्ती आडवी आली, ती हाकेवस्ती.

बाकी सगळं कसं सरळ चाललं होतं. धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात ती शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि विषय तिनं हट्टानं आपल्या भागाचा घेतला होता. पट कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद होते, पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत घातली जातात. पुढं त्यांचं काय होतं? वाशी आणि भूम तालुक्यातल्या अशा वस्त्या धुंडाळत ती स्कूटीवर हिंडायची. जिथं जाईल तिथं एकच चित्र. शाळा लांब गेली की आधी लहान पोरं गळतात, मग पोरी, आणि उरलेल्यांना पाऊस, चिखल, सुगी अशी कारणं आयतीच सापडतात. तिचे मार्गदर्शक डॉ. महालिंगप्पा कोरे तक्ते बघून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "गृहीतक टिकतंय."

आणि मग हाकेवस्ती आली. माळाच्या कडेला धनगरांची मोजकी घरं. तिथून खडकपिंपळची शाळा म्हणजे ओढा ओलांडायचा, पवनचक्क्यांचा माळ तुडवायचा, वर पुन्हा शिवारातली पायवाट. वर्षाराणीनं पाहिलेल्या सगळ्या वस्त्यांत ही शाळेपासून सगळ्यात लांब. एसटी नाही, जीप नाही. आईबाप मेंढरांमागं, नाहीतर दुसऱ्याच्या रानात. हिशेबानं ही वस्ती सगळ्यात आधी गळायला हवी होती. पण शाळेच्या भिंतीला लागून राहणारी खडकपिंपळची पोरं दांड्या मारत होती आणि माळापलीकडची ही पोरं रोज हजर होती. वर्षाराणीच्या ते पचनी पडेना.

पहिली शंका तिला हजेरीपटाचीच आली. म्हणून ती न सांगता, मुद्दाम वाशीच्या बाजाराच्या दिवशी शाळेत गेली. बाजाराच्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे असतात हे तिला एव्हाना ठाऊक होतं. तसे ते होतेही. पण वर्गावर्गांत हाकेवस्तीची झाडून सगळी पोरं पुढं बसलेली.

शाळेतले शांतलिंग सर तिचा चेहरा बघून हसले. "शंका आली ना, मॅडम? मलाबी आली होती. वाटलं, खिचडीसाठी येत असतील. पण खिचडी तर सगळ्यांनाच मिळते."

"मग कशासाठी येतात?"

"ते मला विचारू नका. सकाळी आली की ही पोरं माझा घाम काढतात, एवढं मला कळतं. परवा म्हणाली, झाड उन्हावर जेवण बनवतं तर रात्री बाभळ उपाशी झोपती का? म्हटलं, हे कुणाचं डोकं? तर म्हणे, सखूआजीनं विचारलंय. आता सखूआजीसाठी मी घरी जाऊन पुस्तकं काढून बसतो." त्यांनी खडूची पूड झटकली. "शाळा सुटली की फाटकाशी थांबा. दिसतील तुम्हाला."

फाटकाशी खरंच एक बाई उभी होती. पन्नाशी उलटलेली, उंच, लुगड्यावर पुरुषाचा जुना सदरा घातलेला, हातात काठी. सोबत दोन शेळ्या. घंटा झाली तशी हाकेवस्तीची पोरं धावत येऊन तिच्याभोवती जमली आणि घोळका निघाला. वर्षाराणीनं स्कूटी शाळेतच ठेवली आणि ओळख सांगून सोबत निघाली.

"मावशी, मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"वाट काय माझ्या बापाची हाय? ये की," सखूबाई म्हणाली.

गाव मागं पडलं. शिवाराची पायवाट लागली आणि चौथीतला कुमार पुढं सरकला. आज त्याची पाळी असावी.

"आज्जे, पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसती."

"कुणी सांगितलं?"

"सरांनी. पुस्तकात बी हाय."

"आपल्या आडाचं पाणी मचूळ, ओढ्याचं गोड. वाशीला नळाचं प्यालं तर औषधाचा वास येतो. तुझ्या सरांनी पाणी पिऊन बघितलंय का न्हाय?"

पोरं हसली. सातवीतली दैवशाला कुमारच्या मदतीला आली. "तसं न्हाय आज्जे. ते शुद्ध पाण्याचं हाय. आडाच्या पाण्यात क्षार असतेत."

"मग शुद्ध पाणी कुठं असतंय? दाखव मला."

कुमारनं पावसाचं नाव घेतलं, तर दुसरा कुणी म्हणाला की पावसात धूळ असते. ओढा येईपर्यंत भांडण रंगलं. ओढ्यातल्या मोठ्या खडकावर सगळी टेकली, शेळ्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि सखूबाईनं निकाल दिला, "मला न्हाय पटलं. उद्या सरांना विचारून या."

एवढंच. रोज हेच चालायचं. प्रत्येकानं दिवसभरातलं एक काहीतरी सांगायचं आणि सखूबाईला ते पटवायचं. पटलं तर त्या पोराची मान ताठ. नाही पटलं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना गाठायचं. एखाद्यानं दांडी मारली तर वाटेवर सांगायला त्याच्याकडं काही नसायचं, आणि ओढ्याच्या खडकावर मुकाट बसण्याची शिक्षा पोरांना छडीपेक्षा वाईट वाटायची.

वर्षाराणीनं विचारलं, "मावशी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? वस्तीवरली शाळा गेली, पोरं घरी बसली. दिवसभर माझ्या शेळ्यांमागं धुडगूस. म्हनलं, चला, मीच सोडून येते, जीवाला शांतता तरी. आता रस्ता हाय लांब. तोंड मिटून चालायला मी काय बैल हाय?"

"पण तुम्हाला खरंच पटत नाही, का मुद्दाम म्हणता?"

सखूबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की वर्षाराणीला प्रश्न मागं घ्यावासा वाटला. "न्हाय पटत तर न्हाय पटत. खोटं कशाला बोलू पोरांशी?"

त्यानंतर वर्षाराणी वरचेवर येऊ लागली. तिनं वहीत लिहिलेलं कारण होतं 'क्षेत्रनिरीक्षण', पण खरं सांगायचं तर उद्या पोरं काय घेऊन येतात याची तिलाच हुरहूर लागलेली असायची. तिचे वडील परंडा आगारात एसटीचे चालक. आज्यानं मेंढरं राखली ती सोनारीच्या बाजूला, पण ते तिच्या जन्माआधीच संपलेलं. मेंढरू आणि शेळी यापलीकडं तिला त्यातलं काही कळत नव्हतं. सखूबाईला हे कळल्यावर ती नवलानं म्हणाली, "हाडाची धनगराची पोर आन् तुला कोकराची आई ओळखता येत न्हाय?" आणि मग तिलाही पोरांच्या रांगेत बसवून टाकलं. "तू बी सांग. तू काय शिकतीस?"

वर्षाराणीनं सोपं करून सांगितलं. शाळा लांब गेली की पोरं शाळा सोडतात, हे तिला आकड्यांनी सिद्ध करायचं आहे.

मग दैवशालानं विचारलं, "मग आमी?"

"म्हणजे?"

"आमची शाळा लांब गेली. आमी कुठं सोडली?"

सखूबाई काठी टेकून उठली. "हिचं बी न्हाय पटलं," ती म्हणाली, आणि पोरं खिदळत वाटेला लागली.

दिवाळी जवळ आली तेव्हाची एक संध्याकाळ. दैवशालाच्या वर्गात शिकवलं होतं की उजेड आधी पोचतो, आवाज मागून येतो. सखूबाई अडून बसली. तिच्या मते ताट पडलं की पडताना दिसतं आणि लगेच वाजतं. दैवशाला दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना पवनचक्क्यांच्या माळावर थांबवून घेतलं. तिथून खाली तेरखेड्याचा उजेड दिसतो. तेरखेडा म्हणजे शोभेच्या दारूचं गाव, दिवाळीच्या तोंडावर तिथं माल उडवून बघतात हे पोरांना ठाऊक होतं. सगळे दिवेलागणीला माळावर बसून राहिले, वर्षाराणीही. बराच वेळ काही झालं नाही. मग गावाच्या अंगाला आभाळात एक पांढरी ठिणगी फुटली आणि पसरली. ठिणगी विझून गेली, आणि नंतर, केव्हातरी, धप्प असा आवाज माळावर आला.

"बघितलं?" दैवशाला उठून उभी राहिली.

पुन्हा ठिणगी, पुन्हा तेवढीच वाट, पुन्हा आवाज. चार-पाच वेळा बघून झाल्यावर ती म्हणाली, "आवाज रस्त्यानं येत असंल. उजेड आपला माळावरनं आडवा येतो."

"आज्जे!"

"बरं, बरं. पटलं," सखूबाई म्हणाली. दैवशालानं त्या आनंदात तिच्या शेळीलाच मिठी मारली.

वर्षाराणीनं हे सगळं कोरे सरांपुढं मांडलं. त्यांनी मन लावून ऐकलं, कारण माणूस मुळात चांगला. पण त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "वर्षाराणी, ही बाई तुम्ही कोणत्या रकान्यात टाकणार? एक वस्ती म्हणजे अपवाद. तळटीप द्या आणि पुढं चला. आणि जपून लिहा. अंतरानं फरक पडत नाही एवढंच एक वाक्य कुणी उचललं, तर आणखी शाळा बंद करायला तेच कामाला येईल."

सरांचं दुसरं म्हणणं तिला टोचलं, कारण ते खरं होतं. पहिलं टोचलं नाही, नुसतं पटलं नाही.

दिवाळी झाली आणि सखूबाई मेंढरांमागं गेली. तिचा मुलगा धनाजी दरवर्षी मेंढरं घेऊन सीना नदीच्या काठानं करमाळ्याच्या बाजूला उतरायचा. मुक्कामाच्या तळावरची भाकरी त्याची बायको करायची, पण यंदा ती गरोदर म्हणून माहेरी गेली होती. मग सखूबाईनं शेळ्या शेजारी दिल्या आणि ती तळाबरोबर निघून गेली. जाताना तिनं कुणाला काही बजावलं नाही. आपण गेल्यानं काही अडेल असं तिच्या मनातही आलं नसावं.

महिन्याभरात शांतलिंग सरांचा फोन आला. "मॅडम, येऊन बघा."

वर्षाराणी गेली. पुढच्या ओळी रिकाम्या होत्या. हाकेवस्तीची दोनच पोरं आली होती, तीही मोठी. तिनं मागच्या आठवड्यांची हजेरी उतरवून घेतली आणि शाळेच्या ओट्यावर बसून लॅपटॉपवर आलेख काढला. रेघ सरळ चालत आली होती आणि दिवाळीपाशी कड्यावरून पडावी तशी पडली होती. तिला हसू आलं. इतका स्वच्छ पुरावा तिला कुठल्याच वस्तीत मिळाला नव्हता. हाकेवस्ती अपवाद नव्हती. तिथंही अंतर होतंच, फक्त कुणीतरी ते रोज आपल्या पायांनी भरून काढत होतं.

तिनं तिथूनच कोरे सरांना फोन लावला. ते तिच्याहून खूश झाले. "हा तर आपोआप घडलेला प्रयोग आहे. हात लावू नका. परीक्षेपर्यंत चालू दे, मग प्रकरण पक्कं."

फोन ठेवल्यावर तिनं पुन्हा आलेख पाहिला. मघाशी आलेलं हसू आठवलं आणि तिनं लॅपटॉप मिटला. ती रेघ खाली येत होती म्हणजे दैवशाला घरी बसत होती. आपण कशाला हसलो?

ती तशीच वस्तीवर गेली. कुमार लिंबाखाली मोबाइलवर गेम खेळत होता.

"शाळेत का जात नाहीस?"

"जाऊन कुणाला सांगायचं?" तो मान वर न करता म्हणाला.

दैवशालाचं कारण वेगळं होतं. तिची आई म्हणाली, "पवनचक्कीच्या कामाचे ट्रक येत्यात जात्यात माळावरनं. मोठं माणूस संगं असलं तर धाडते. एकट्या पोरींना कशी धाडू, तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाकेवस्तीवर हजर झाली आणि पोरांना म्हणाली, "चला, मी येते."

कोरे सरांना कळल्यावर ते रागावले नाहीत, नुसते हताश झाले. "तुम्ही तुमच्याच आलेखात जाऊन उभ्या राहिलात," ते म्हणाले. "आता त्या आकड्यांचं मी काय करू?"

"सर, दिवाळीपर्यंतचे आणि त्यानंतरच्या एका महिन्याचे आकडे आहेत. तेवढ्यावर लिहीन."

धाराशिवहून रोज येणं जमणारं नव्हतं, म्हणून वाशीत मैत्रीण हर्षालीच्या खोलीवर ती राहिली. पोरी यायला लागल्या. पण वाटेवरचा खेळ काही जमेना. कुमारनं सांगितलं की चंद्राला स्वतःचा उजेड नसतो, आणि वर्षाराणी म्हणाली, "बरोबर." झालं. पुढं बोलायला काही उरलंच नाही. तिनं मुद्दाम शंका काढून पाहिल्या, तर पोरांनी लगेच ओळखलं.

"ताई, तुम्हाला ठाऊक हाय," दैवशाला समजुतीनं म्हणाली. "तुमी उगं विचारताय."

रात्री जेवताना तिनं हे हर्षालीला सांगितलं तर हर्षाली पोट धरून हसली. वर्षाराणीही हसली, पण तिला त्याचा विचार करणं भाग होतं. जे सगळं जाणतं त्याला सांगण्यात पोरांना रस नव्हता. पोरांना असं माणूस हवं होतं, ज्याला खरोखर माहीत नाही आणि ज्याला ते जाणून घ्यायचं आहे. असं माणूस प्रबंधासाठी तयार करता येत नाही. शोधावं लागतं.

शोधताना तिला द्वारकाबाई भेटल्या. माळाच्या खालच्या अंगाला त्यांचं रान होतं. सोयाबीन निघाल्यावर ज्वारी उभी होती आणि पाखरं हाकायला त्या दिवसभर वाटेकडंच्या बांधावर असायच्या. जाणारी येणारी पोरं त्यांच्या नजरेसमोरून जायची. वर्षाराणीनं त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सकाळी सोडते, संध्याकाळी आणते. पण रोज माझा एवढा वेळ मोडायचा म्हणजे घरचे काय म्हणतील?"

हा प्रश्न योग्य होता आणि त्याचं उत्तर वर्षाराणीनं आपल्याच कागदांत शोधलं. लांबच्या शाळेत जाणाऱ्या पोरांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या नियमात 'वाहतूक किंवा सोबत' असं लिहिलेलं होतं. ते वाक्य तिनं प्रबंधात स्वतः उतरवून घेतलं होतं. पहिला शब्द सगळ्यांनी वाचला होता, दुसऱ्याशी कुणी थांबलं नव्हतं, ती स्वतःसुद्धा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शांतलिंग सरांनी विषय काढला. थोडी कुरबुर झाली. हाकेवस्तीतून आलेल्या बलभीम नावाच्या पालकानं, जो पवनचक्कीवर राखणदार होता, उभं राहून सांगितलं की ट्रकवाल्यांना पोरांच्या वेळेला थांबवायचं काम माझं. ठराव झाला, तालुक्याला गेला, दोनदा परत आला, शेवटी मंजूर झाला. द्वारकाबाई हाकेवस्तीच्या मानधनावरच्या सोबतीण झाल्या.

द्वारकाबाई सखूबाईसारख्या नव्हत्या. खरं का खोटं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कुमारनं भागाकार सांगितला की त्या विचारायच्या, "ह्याचा उपयोग काय?" इतिहासातली सनावळी सांगितली तरी तेच. पोरं आधी बावचळली, मग चिडली, मग उपयोग शोधायला लागली. शांतलिंग सरांचा घाम पुन्हा निघू लागला.

गुढीपाडव्याच्या सुमाराला सखूबाई परतली. द्वारकाबाईंना पोरांबरोबर बघून तिचं तोंड जरा फुगलं. "आमच्या वाटंवर आता पगारी माणूस आलं व्हय?" असं ती दोन दिवस म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन तीही निघाली. मग वाटेवर पोरांपेक्षा या दोघींचंच जास्त वाजू लागलं. खरं असेल तर उपयोग असतोच, असं सखूबाईचं म्हणणं. उपयोग नसेल तर खऱ्याला काय चाटायचं, असं द्वारकाबाईंचं. पोरं कधी हिच्या बाजूनं, कधी तिच्या.

कोरे सरांनी वर्षाराणीचं नवं प्रकरण वाचलं आणि समासात एकच ओळ लिहिली: 'बाकीच्या वस्त्यांत हे विचारलं होतं का?'

विचारलं नव्हतं. तिच्या प्रश्नावलीत अंतर होतं, रस्ता होता, आईबापाचं शिक्षण होतं, खिचडी होती. पोरं घरी आल्यावर शाळेतलं कुणाला सांगतात, हा प्रश्न कुठंच नव्हता. तो घालायचा म्हणजे पाहून झालेल्या सगळ्या वस्त्या पुन्हा पालथ्या घालायच्या. प्रबंध वर्षभर पुढं जाणार हे तिनं फोनवर वडिलांना सांगितलं.

"पुन्हा तिथंच जाणार?" त्यांनी विचारलं.

"व्हय, बाबा. विचारायचं राहिलंय."

"मग जा. गाडीत हवा बघून घे."

उन्हाळ्याच्या सुटीआधी ती भूमच्या बाजूच्या एका वस्तीवर गेली. मागल्या खेपेला तिथल्या जवळजवळ सगळ्या पोरी शाळेतून गळलेल्या दिसल्या होत्या. एकच जात होती. ती गोठ्यात म्हशीला पेंड कालवत होती. वर्षाराणीनं आधीचे प्रश्न भराभर विचारले आणि मग नवा विचारला.

"शाळेत शिकवलेलं घरी आल्यावर कुणाला सांगतेस?"

पोरगी लाजली. घमेल्यातला हात तसाच ठेवून तिनं घराकडं एकदा पाहिलं.

"म्हशीला," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज. दुसरं कोण हाय?"

"आणि म्हैस काय म्हणते?"

"काय म्हणंल? रवंथ करती." पोरगी हसली. "पण मधीच उठून गेली की मला कळतं, नीट सांगता आलं न्हाय."

वर्षाराणीनं पेन खाली ठेवलं, गोठ्यातली एक पाटी उपडी केली आणि त्यावर बसली. "आजचं सांगितलंस का तिला?"

"अजून न्हाय."

"मग सांग की. मी बी ऐकते."